जुन्या मशिदीचा तिश्री महिना

मुंबईत मांडवीच्या गजबजाटात, मशीद बंदर स्टेशनापासून फार दूर नाही अशा ठिकाणी सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. हातगाड्या, टेम्पो, गोण्या आणि घाऊक व्यापाऱ्यांची दुकाने यांच्या मधोमध शाआर हारहमीम हे सिनेगॉग उभे आहे. नावाचा अर्थ दयेचे द्वार. बेने इस्रायलांनी, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांनी, बांधलेले हे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ सालचे. घरोघरी मात्र त्याला कोणी या नावाने ओळखत नसे. 'जुनी मशीद' एवढेच म्हणत. शेजारच्या स्टेशनाचे नाव याच मशिदीवरून पडले असे आपले लोक अभिमानाने सांगतात. दुसरी मते आहेत, पण हा अभिमान कोणी सोडलेला नाही.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की संस्थापक, पायाभरणी, जीर्णोद्धार आणि पदाधिकाऱ्यांची यादी असा क्रम हाताशी तयारच असतो. त्यातले जे सांगायला हवे ते पुढे येईलच. पण ही संस्था दोनशेहून अधिक वर्षे टिकली ती मुख्यतः वर्षातल्या एका महिन्यामुळे, असे माझे मत आहे. हा महिना तिश्री. पावसाळा सरता सरता, भात पिवळे पडत असताना येणारा सणांचा महिना. अकरा महिने ज्या बाकांवर धूळ बसते त्या बाकांवर या महिन्यात जागा मिळत नाही. म्हणून हा इतिहास त्या महिन्याच्या अंगाने लिहीत आहे.

सिनेगॉग नव्हते तेव्हाही सण होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपण झालो, ही परंपरागत हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, उरला तो शमा (एका देवाची ग्वाही देणारी प्रार्थना), सुंता, शनिवार पाळणे, पंख-खवले नसलेला मासा न खाणे आणि काही सण. कोकणात घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. हा शब्द उत्तर कोकणातला. अलिबाग, पेण, रेवदंडा, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात वस्ती दाट होती. त्याच्या दक्षिणेला ती विरळ होत जाते.

सणांची नावेही कोकणी घरातली होती. रोश हशाना, म्हणजे नववर्षाचा दिवस, हा नव्याचा सण. त्याच्या पाठोपाठ खिरीचा सण. नुकत्याच हाती आलेल्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर करायची, ऊद जाळायचा, शमा म्हणायचा आणि मग ती खायची. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. घराची दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्नपाणी नाही आणि परजातीच्या माणसाशी बोलणेही नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, गोरगरिबांना दानधर्म करायचा, नातेवाइकांकडे जायचे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये पुरा केलेल्या आपल्या इतिहासात या चालींची तपशिलाने नोंद ठेवली. ते पुस्तक छापून आले ते थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. केहिमकर नसते तर यातले निम्मे आज आपल्याला सांगता आले नसते.

या सगळ्या सणांत एक गोष्ट समान दिसते. ते घरात होतात. दार बंद करून पापक्षालन मागायचे ते कुटुंबाने, आपापल्या घरात. गावात मुकादम होता, चौगुले होते, काझी होता. डेव्हिड रहाबी या धर्मशिक्षकांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचे शिक्षण देऊन काझी केले अशी परंपरा आहे. पण सर्वांनी एकत्र जमून प्रार्थना करायची जागा नव्हती.

ती जागा दिली सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कागदोपत्री त्यांचे नाव सॅम्युएल एझकिएल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेतले ते अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या सैन्याने त्यांना कैद केले. पुढची कथा घरोघरी सांगितली जाते. कैद्यांच्या शिरच्छेदाची वेळ आली तेव्हा टिपूच्या आईने विचारले, तुम्ही कोणत्या जातीचे? 'बेने इस्रायल' हे उत्तर ऐकताच, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच, असे म्हणून तिने त्यांना जीवदान द्यायला लावले. कथा आहे, तशीच घ्यावी. पण सुटका झाली हे खरे आणि सुटल्यावर सामाजींनी सिनेगॉग बांधण्याचा नवस फेडला हेही खरे. कोचीनच्या यहुद्यांशी त्यांचा संबंध आला होता. तिथले सिनेगॉग, तिथली शिस्तीची उपासना यांची त्यांच्या मनावर छाप पडली असणार. १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग उभे राहिले. पुढच्याच वर्षी सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) मिळवण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आपण बांधलेल्या सिनेगॉगमधले तिश्रीचे सण त्यांना फार तर एकदा पाहायला मिळाले असतील.

सामाजींचे मोठेपण शौर्यात होते तसे सिनेगॉग बांधण्याच्या निर्णयातही होते. तोपर्यंत दारफळणीला माणूस घराचे दार लावून आत बसत होता. आता तो घराला कुलूप लावून सिनेगॉगमध्ये येऊन बसू लागला. समाज म्हणून जी काही पुढची वाटचाल झाली ती या बदलापासून सुरू झाली.

अर्थात इमारत बांधली म्हणून उपासना आपोआप येत नाही. हिब्रू वाचणारे थोडे, चाली माहीत असणारे त्याहून थोडे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हे काम केले. त्यांत शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव पहिले घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी याच सिनेगॉगमध्ये हझान (प्रार्थना चालवणारा) म्हणून काम केले आणि प्रार्थनेचा सेफार्दी पाठ लोकांच्या तोंडी बसवला. दुसऱ्या बाजूने मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, फळ मात्र उलटे मिळाले. लोक हिब्रू शिकले आणि अधिक पक्के यहुदी झाले. पुढे जोसेफ एझकिएल राजपूरकर यांनी सणांच्या प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. त्यामुळे किप्पूरच्या दिवशी हझान काय म्हणतो आहे हे मागच्या बाकावरच्या माणसालाही कळू लागले.

मग सणांची नावेही बदलली, काही सण नव्याने आले. तिश्रीच्या आधीच्या एलुल महिनाभर पहाटे सलिहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, होऊ लागल्या. या महिन्याच्या उपवासांना आपले जुने लोक 'रमजान' म्हणत, हे वाचून आजच्या मुलांना हसू येते. शेजारपाजारच्यांकडून शब्द घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. सुक्कोत कोचीनच्या पद्धतीने मांडव घालून साजरा होऊ लागला. नारळाच्या झावळ्यांचे छत, त्यातून आभाळ दिसले पाहिजे, खाली टांगलेली फळे. झावळ्या विणणे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. लुलावबरोबर (खजुराच्या झावळीबरोबर) हातात धरायचे फळ महाळुंगाच्या जातीचे, तेही आपल्याकडे अपरिचित नव्हते. तोरा वाचन पुरे करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा सिमहात तोराचा दिवस आला आणि सेफेर हातात घेऊन तेब्याभोवती (वाचनाच्या चौथऱ्याभोवती) फेऱ्या घालताना एरवी गंभीर असणारे थोरही गाऊ लागले. खिरीचा सण मात्र मागे पडला. मला याची हळहळ वाटते. ग्रंथात नाही म्हणून तो सोडला, पण नवे तांदूळ आणि शमा यांची जोडी आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या बुद्धीने घातली होती.

१८६० मध्ये सिनेगॉगची आजची इमारत उभी राहिली. पश्चिमेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला हेखाल (सेफेर ठेवण्याचे कपाट), मधे कठड्याचा तेबा, वर स्त्रियांसाठी सज्जा, एलियाहू हन्नाबीची खुर्ची आणि अखंड तेवणारा दिवा. कारभार मुकादम आणि गबाई (खजिनदार) पाहत. खर्च मुख्यतः तिश्रीतच निघे. हेखाल उघडण्याचा मान, सेफेर बाहेर आणण्याचा मान, वाचनाला उभे राहण्याचा मान यांची बोली लागे. गिरणीतला मुकादम आणि सरकारी कचेरीतला कारकून एकमेकांवर चढत आणि वर सज्जात बसलेल्या बायका आपला नवरा कुठवर जातो याकडे लक्ष ठेवून असत. बोलीची रक्कम पुढे वसूल करताना गबाईच्या चपला झिजत, हेही प्रत्येक मंडळीत ऐकायला मिळते.

आणखी एक कडू गोष्टही या इतिहासात यायला हवी. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद समाजात होता आणि तो सिनेगॉगच्या उंबऱ्यावर थांबला नाही. मिश्र विवाहातून झालेल्या संततीला काळे ठरवून मान-पानातून वगळले जाई, सोयरीक तर दूरच. दयेचे द्वार सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत बेने इस्रायलांच्या शुद्धतेवरच शंका घेतली, त्याविरुद्ध आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये तो प्रश्न सुटला. तेव्हा बाजूला काढले जाणे काय असते ते सर्वांना कळले.

मुंबई वाढली तशा मंडळ्याही वाढल्या. १८४० च्या सुमारास मतभेदातून शाआरे रात्सोन निघाले, ती नवी मशीद. १८८८ मध्ये उमरखाडीला एत्झ हाईम झाले. बगदादी यहुदी सुरुवातीला जुन्या मशिदीतच आपल्याबरोबर प्रार्थना करत. सासून घराण्याने १८६१ मध्ये भायखळ्याला मागेन डेव्हिड बांधले आणि ते वेगळे झाले. मग सात रस्त्याला तिफेरेथ इस्रायल, आग्रीपाड्याला मागेन हसिदीम. कोकणात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथे एकोणिसाव्या शतकात सिनेगॉग उभी राहिली. ठाण्याचे शाआर हाशामाइम १८७९ चे. या सर्वांची वंशावळ काढायची तर ती जुन्या मशिदीपाशीच येऊन थांबते.

तरीही तिश्रीसाठी मुंबईला येण्याची ओढ होतीच. नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होई, मचवे आणि नंतर आगबोटी सुरू होत आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यात हा सणांचा हंगाम. गावाकडून येणाऱ्याच्या पिशवीत नारळ ठरलेलेच. ते लागत ते हलव्यासाठी.

नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा हे काम एकटीचे नव्हे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. मग वाटून, फडक्यातून पिळून पांढरा चीक काढायचा आणि तो रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी घट्ट सत्त्व उरते. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मोठ्या पातेल्यात ढवळायला बसायचे. गाईचे दूध घालत नाहीत, कारण जेवणात मटण असते आणि मटणाबरोबर दूध चालत नाही. कोकणच्या नारळाने हा धर्मनियम सुसह्य केला आहे. ढवळणे थांबले की गुठळी होते, म्हणून सासू, सून, शेजारीण पाळी लावून बसतात. मिश्रण कडा सोडू लागले, उलथण्यावरून सरकन घसरू लागले की ताटात थापायचे, वरून बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे, थंड झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडायच्या. गुलाबी किंवा हिरवा रंग ज्याच्या त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे. आता बरेचजण तयार पीठ किंवा चायना ग्रास वापरतात. चव बरी लागते, पण हाताला रग लागत नाही आणि शेजारणीला बोलवावे लागत नाही.

हलव्याची ताटे शेजाऱ्यांकडेही जातात, आणि त्या दिवसांत शेजाऱ्यांकडेही सणच असतो. यहुदी पंचांग आणि आपले मराठी पंचांग दोन्ही चंद्रावर चालतात आणि ऋतूशी मेळ राखायला अधून मधून जादा महिना घालतात. तिश्रीची पहिली तारीख अमावस्येनंतरच्या चंद्रावर येते. त्यामुळे ती बहुधा आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या आसपास, नाहीतर एक महिना आधी भाद्रपदात पडते. २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला घटस्थापना होती आणि रोश हशानाही. १२ ऑक्टोबरला दसरा आणि किप्पूर एकत्र आले. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला पुन्हा तेच घडले. शेजारी आपट्याची पाने घेऊन दारात उभा आणि घरात कोणी नाही, सगळे पांढऱ्या कपड्यांत सिनेगॉगमध्ये. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, सोने आणि हलवा यांची देवाणघेवाण. पौर्णिमेला त्यांची कोजागरी, आपला सुक्कोतचा मांडव. सामाजींच्या आधीच्या पिढ्यांनी हातात पंचांग नसताना सण विसरू दिले नाहीत त्याला शेजाऱ्यांच्या या चांद्र तिथ्यांचाही आधार झाला असावा, असा माझा तर्क आहे.

किप्पूरची संध्याकाळ ही जुन्या मशिदीची खरी परीक्षा. पंचवीस तासांचा उपवास, पाच प्रार्थना, शेवटी समारोपाची नेइला आणि शोफारचा (शिंगाचा) एक लांब सूर. बाहेर मांडवीचा बाजार चालूच असतो. हमालांच्या आरोळ्या, हॉर्न, आणि आत त्या आवाजाच्या वर जाणारा हझानचा आवाज. सूर थांबला की हातबोशी सुरू होते. समोरच्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, सोडायचा आणि आपली बोटे ओठांना लावायची. वडीलधाऱ्यापासून सुरू झालेले हे चुंबन बाकाबाकांवरून सरकत शेवटच्या पोरापर्यंत पोहोचते. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊ इथे एकमेकांसमोर आले तर हात मागे घेता येत नाही. मग काळ्या मनुकांच्या सरबताने उपवास सुटतो.

आता संख्येचे बोलू. १९४८ नंतर स्थलांतर सुरू झाले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. आज भारतात सर्व यहुदी मिळून चार-पाच हजार असतील, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. कोणी इस्रायलला गेले म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. तिकडेही ते हलवा करतात, मलिदा करतात आणि मराठीतून 'मायबोली' नावाचे नियतकालिक काढत आले. राहिलेल्यांतलेही मांडवी-डोंगरी सोडून भायखळा, मग ठाणे असे सरकत गेले. जुन्या मशिदीच्या आसपास आता यहुदी घर शोधावे लागते. महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने कागदपत्रे सुलभ झाली. मिनयान मात्र शासन पुरवू शकत नाही. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असतील तर सेफेर बाहेर येत नाही.

काही जण म्हणतात, मंडळी उरली नाही तर इमारत वारसा म्हणून जपावी, पर्यटकांना दाखवावी. जपावी जरूर. पण सामाजींनी वास्तू दाखवण्यासाठी बांधली नव्हती. तिश्रीत ती भरते तोवर ती सिनेगॉग आहे. मुंबई-ठाण्यातल्या मंडळ्यांनी सणांचे दिवस वाटून घेतले, एखाद्या प्रार्थनेला सगळे जुन्या मशिदीत जमले, तर दहा जणांचा प्रश्न अजून बरीच वर्षे पुढे ढकलता येईल. हे काम मोठ्या निधीचे नाही, टेलिफोन करण्याचे आणि गाडीत दोन जागा मोकळ्या ठेवण्याचे आहे.

ही स्मरणिका हातात घेणाऱ्यांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत मराठी भाषांतर असलेली सणांच्या प्रार्थनांची पुस्तके, बोलीच्या नोंदी, वर्गणीच्या पावत्या, सुक्कोतच्या मांडवातले फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. मूळ प्रत द्यायची नसेल तर निदान नक्कल आपल्या मंडळीच्या गबाईकडे पोहोचवा. आणि येत्या तिश्रीत, घर कितीही लांब असो, एक दिवस सॅम्युएल स्ट्रीटवर या.